कमलताईंकडची चावी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही—आणि यांना तर यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं माझ्या एकटीचं. ते सांगायला बसले की मी आधी भलतंच बोलायला लागते, सोफा कुठून घेतला, पाणी कधी यायचं, असलं काहीतरी. आताही तसंच होणार, मला माहीत आहे.

माझा स्वभाव संशयी. अगदी लहानपणापासून. दूधवाला माप ओतायला लागला की मी वाकून बघणार, वाण्यानं पुडी बांधून दिली की घरी येऊन ती सोडून हुंगणार. आई म्हणायची, ‘या पोरीला देवानं प्रसाद दिला तरी ही आधी उलटा करून बघेल.’ मला त्याचा राग नाही यायचा, उलट बरं वाटायचं. आपल्याला कुणी फसवू शकत नाही याचा अभिमान असतो की नाही माणसाला? मला तर फार होता.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो, बुवापाड्याच्या अलीकडे. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. नवी बिल्डिंग, दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. हे एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत लेथ मशीनवर होते, मी उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या ऑफिसात टायपिस्ट. लग्न झालं तेव्हा घरात एक गादी, एक स्टोव्ह आणि माझ्या मामानं दिलेलं घड्याळ. बाकी सगळं हळूहळू जमवलं. लोक रविवारी माथेरानला जायचे, आम्ही उल्हासनगरच्या फर्निचरच्या दुकानांत जायचो. तीच आमची फिरायची जागा. प्रत्येक सोफ्यावर बसून बघायचं, भाव विचारायचा, तोंड वाकडं करून बाहेर पडायचं आणि दाल-पकवान खाऊन घरी यायचं. कितीतरी रविवार असे गेले—आणि खरं सांगते, ते फार सुखाचे होते.

शेवटी एक सोफा-कम-बेड पसंत पडला. ‘साईं, अंदर से पूरा सागवान!’ दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता. मी तिथंच फरशीवर आडवी झाले आणि खालून लाकूड हेअरपिननं खरवडून बघितलं. सागवान कसलं, साधं जंगली लाकूड पॉलिश मारून ठेवलेलं. दुकानदार ओशाळला, भाव उतरला, आम्ही तोच सोफा घेतला. जिन्याच्या वळणावर तो अडकला तेव्हा शेजारच्या कमलताई पदर खोचून बाहेर आल्या आणि त्यांनी एक बाजू उचलली. त्यांच्यामुळे तो घरात आला म्हटलं तरी चालेल. मी त्यावर लगेच पांढरी चादर टाकली. रंग उडायला नको, डाग पडायला नको—आमच्यासारख्यांकडे सोफा दिसायचा कमी आणि झाकलेला असायचा जास्त.

कमलताईंबद्दल सांगायला हवं. त्यांचे मिस्टर सरकारी कारखान्यात, मुलगी सुनंदा कॉलेजात. त्या दिवसभर घरी असायच्या. आमच्याकडे पाणी यायचं भर दुपारी, आणि मजल्यावरच्या आम्ही बहुतेक बायका नोकरीवाल्या. म्हणून आम्ही आपापल्या कुलपाची दुसरी चावी कमलताईंकडे ठेवायचो. त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्यांची एक ओळ होती, त्यावर प्रत्येक घराची चावी, ओळखायला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधलेली. पाणी आलं की त्या एकेक घर उघडून पिंप, हंडे, कळशा भरायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या. याचं त्या काही घेत नव्हत्या. दिवाळीला साडीचा विषय काढला तर रागवायच्या.

त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मजल्यावर त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. माझ्या सासूबाई गावाहून आल्या की मात्र कमलताईंनी भरलेलं पाणी पीत नसत, घसा दुखतो म्हणायच्या आणि खालच्या मजल्यावरून तांब्या भरून आणायला लावायच्या. मी मनातल्या मनात सासूबाईंना हसायचे. मी काय, पुढारलेली. मी त्यांच्याकडे चहा प्यायचे, सुनंदाला स्वेटरची वीण शिकवायचे. मग नंतर जे झालं ते इतक्या सहज कसं झालं? संशय आला तेव्हा त्याला बसायला माझ्या मनात जागा आधीच झाडूनपुसून ठेवलेली होती—ही गोष्ट मला फार उशिरा मान्य करावी लागली.

तर, घरात कुणीतरी बसतं आहे असं मला वाटायला लागलं.

आधी चादर. सकाळी मी ताणून घालायचे, संध्याकाळी मधोमध चुरगळलेली. मग टीव्हीवरचं झाकण, मी त्याची किनार पुढे ठेवते, ती मागे गेलेली. टेबलफॅनचं तोंड सोफ्याकडे वळलेलं. साखरेचा डबा घट्ट लावलेला. मी तो कधीच घट्ट लावत नाही. यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘तुला भास होतात. चादर आहे ती, सरकते.’ चादर सरकते, कबूल. साखरेचा डबा आपोआप घट्ट होतो का?

चावी एकाच माणसाकडे होती. मग आणखी काय शोधायचं?

मी कपाटाच्या कडीला दोरा बांधून जायला लागले. तो तुटला नाही, म्हणजे चोरी नव्हती. पण मला चोरीचं दुःख नव्हतंच! आपण दिवसभर टाइपरायटर बडवायचा, आणि आपल्या सोफ्यावर दुसरं कुणी पाय पसरून पंखा खायचा—हे मला सहन होत नव्हतं. एका शनिवारी सकाळी, हे कामावर निघाल्यावर, मी पांढऱ्या चादरीवर चंदनाची पावडर भुरभुरवली आणि हातानं सारखी केली. पांढऱ्यावर पांढरं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ऑफिसात दिवसभर मला आतून उकळ्या फुटत होत्या. लाज वाटते सांगायला, पण मला त्यात मजा येत होती. संध्याकाळी यांच्या आधी घरी आले, वाकून चादरीवर बोट फिरवलं. कडेला पावडर तशीच, मधोमध पुसलेली.

मी चादर झटकली आणि तशीच शेजारी गेले. म्हटलं, ‘कमलताई, आमची चावी द्या. आता लागणार नाही.’

त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं बाजूला ठेवलं. मग हात पुसून त्यांनी खिळ्यावरची चावी काढली आणि विचारलं, ‘भाऊंना सांगितलंत का, वहिनी?’

माझ्या घरची चावी, आणि मी माझ्या नवऱ्याला विचारून घ्यायची? मला वाटलं, काय ही बाई! मी चावी उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगची सहल होती, बदलापूरला कोंडेश्वरला. टेम्पो केला होता. कमलताईही आल्या होत्या, वाटाण्याच्या उसळीचं मोठं पातेलं घेऊन. पुरुष पत्ते खेळत बसले, मुलं पाण्यात. आम्ही बायका कांदा चिरत होतो आणि मी हसत हसत म्हटलं, ‘अहो, आमच्या घरात दुपारचं कुणीतरी राहायला येतं!’ समोरच्या घरातल्या मीनावहिनींनी सुरी खाली ठेवली. कोण, काय, कसं? मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त कुंडाकडे बघितलं, तिथं कमलताई सुनंदाबरोबर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मग म्हटलं, ‘कालच चावी परत आणली.’ एवढंच. जेवताना त्यांच्या उसळीला कुणी हात लावला नाही असं नाही, सगळ्यांनी वाढून घेतली. पण त्या आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्या चाव्या एकेक करून त्यांच्याकडून परत गेल्या. कुणी म्हणालं गावचा भाचा राहायला आलाय, कुणी म्हणालं कुलूपच बदललंय. त्या खिळ्यावरून काढून देत गेल्या.

सहलीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी मी कपडे भिजवायला घेतले. यांची कामावरची निळी पँट हातात घेतली—मागे बसायच्या जागी पांढरा पट्टा, आणि चंदनाचा वास.

मी ती पँट हातात धरून मोरीत उभी राहिले. हे चहा पीत होते. पँट दाखवली तशी त्यांनी कप खाली ठेवला. मग बोलले. कंपनीनं माणसं कमी केली होती, यांचं नाव त्यात होतं. मला सांगायचा यांना धीर झाला नाही. सकाळी डबा घेऊन निघायचे, इथंतिथं विचारत फिरायचे, मग शंकराच्या देवळात बसायचे, आणि दुपारी बसवेना तेव्हा घरी यायचे. चावी कमलताईंकडून घ्यायचे आणि मी यायच्या आत त्यांच्याकडे देऊन पुन्हा बाहेर पडायचे. त्यांना शपथ घातली होती, हिला सांगू नका म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. मी चावी मागायला गेले तेव्हाही नाही.

हे म्हणाले, मी कमलताईंशी बोलेन. ते बोलले नाहीत. मी म्हणाले, बाकी कुणाला कळता कामा नये. कळलं असतं तर काय झालं असतं? लोक म्हणाले असते, नवरा घरी बसलाय, बायकोच्या पगारावर नवा सोफा झिजवतोय. त्या बोलण्याची मला भीती वाटली. मी कमलताईंच्या दारापर्यंतही गेले नाही. मधे फक्त एक भिंत होती.

एवढं यांना माहीत आहे. पुढचं नाही.

नोकरीचा अजून पत्ता नव्हता, हे कुणाला तरी भेटायला डोंबिवलीला गेले होते. संध्याकाळी मीनावहिनी दोघा पाहुण्यांना घेऊन माझ्या दारात आल्या. सुनंदाला बघून गेलेल्या मुलाचे मामा-मामी, वांगणीचे. मुलाला मुलगी पसंत होती. आता रीतीप्रमाणे आजूबाजूला चौकशी करत होते, चार घरी विचारल्याशिवाय पुढची बोलणी कशी करायची? मीनावहिनी म्हणाल्या, ‘हिला विचारा. भिंतीला भिंत लागून आहे.’ मी त्यांना सोफ्यावर बसवलं. पाणी दिलं. मामा साधे होते, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर धरून बसले आणि म्हणाले, ‘ताई, आम्हाला काय द्यायघ्यायचं नाय बघा. फक्त माणसं इस्वासाची हायेत का, तेवढं सांगा.’

मला सगळं ठाऊक होतं. माझ्याइतकं खात्रीनं त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नसतं. पण मीनावहिनी समोर होत्या, भुवया उंचावून. मी ‘हो, लाख माणसं आहेत’ म्हटलं असतं तर त्यांनी तिथंच विचारलं असतं—मग चावी का काढून घेतलीस? मग दुपारी घरात कोण होतं?

मी म्हटलं, ‘आमची चावी असायची त्यांच्याकडे. आता नसते.’

बघा, यातला एकही शब्द खोटा नाही. मी तो विचार करून, जुळवून बोलले. मामांनी मामींकडे बघितलं. टोपी डोक्यावर घातली. चहाला थांबले नाहीत.

ते लग्न मोडलं. दुसरं काही कारण असेल, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. नव्हतं. कारण माझ्या घरातून जिना उतरून गेलं होतं, मी दारात उभी राहून बघितलं होतं. त्यानंतर सुनंदा जिन्यात भेटली की बाजूला होऊन मला वाट द्यायची. वर्षभरात कमलताईंच्या घरचे सगळे बदलापूरजवळ चामटोलीला राहायला गेले. सामान उतरत होतं तेव्हा मी आतून कडी लावून बसले होते.

नंतर यांना नोकरी लागली, आम्ही बदलापुरात मोठी जागा घेतली, ती मनासारखी सजवली. नव्वदीच्या शेवटी केव्हातरी बदलापूर गावात भाजी घेताना कमलताई समोर आल्या. केस पिकलेले, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. मला पळायला जागा नव्हती. त्यांनीच आधी विचारलं, ‘भाऊंना लागली ना नोकरी? चांगली आहे ना?’

मी हो म्हटलं.

‘मग झालं,’ त्या म्हणाल्या.

आणि त्या थांबल्या. घाईत नव्हत्या. मी काही बोलेन म्हणून नसतील थांबल्या कदाचित, पण थांबल्या हे खरं. मला तेव्हा सांगता आलं असतं. ते नाही तर निदान सुनंदाचं विचारता आलं असतं. तिचं पुढे लग्न झालं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी भाजीवाल्याला म्हटलं, कोथिंबीर नीट बघून दे, मागच्या वेळी आतून सडकी निघाली होती.