मधलं मिनिट

"हिला शिव्या तरी येतात का?"

कॅमेरावाल्याने हे बाबांना विचारलं, मला नाही. मी त्या दोघांपासून हातभर अंतरावर कानांवर हेडफोन चढवून बसले होते. हेडफोन घातलेल्या माणसाला आजूबाजूचं ऐकू येत नाही असं लोक धरून चालतात.

बाबा म्हणाले, "बोलत नाही. पण कळतात तिला."

समोर बॉक्सिंगची रिंग होती. त्याच जागी आदल्या दिवशी लग्न लागलं होतं. कांदिवलीचं ते मंगल कार्यालय आम्हाला रविवारचं मिळालं, पण झेंडूची तोरणं उतरवायला कोणी आलं नव्हतं. मागच्या भिंतीवर थर्माकोलच्या अक्षरांत नवरानवरीची नावं होती. ती कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आमच्या लढतीचा बॅनर टांगला होता.

माझ्यापुढे टेबलावर एक लाल बटण होतं. दोन राउंडच्या मध्ये बॉक्सर कॉर्नरमधल्या स्टुलावर बसतो, कोच त्याच्याशी बोलतो, तेव्हा कोणी शिवी दिली की मी ते दाबायचं. प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं, त्यामुळे घरी बघणाऱ्यांना त्या जागी नुसती शांतता ऐकू येणार. ज्या मोबाइल अॅपवर लढत दाखवली जाणार होती, त्या अॅपच्या लोकांना मराठी येत नव्हतं आणि बाबांना त्या टेबलावर बाहेरचा माणूस नको होता. म्हणून मी.

टीव्हीच्या दिवसांत असल्या बटणाची गरज नव्हती. बाबा बॉक्सिंगच्या लढती भरवतात, मला आठवतं तेव्हापासून त्यांचा हाच धंदा आहे. दर रविवारी दुपारी एका मराठी चॅनेलवर त्या दाखवत. गोरेगावच्या एका स्टुडिओत रिंग लागायची. राउंड संपला की जाहिराती: कुकर, गरम मसाला, भिंतींचा रंग. आई बोरिवलीला घरी बघायची. जाहिराती लागल्या की ती आत जाऊन आमटी ढवळून यायची. परत येईपर्यंत मघाशी मार खाल्लेला माणूस चेहरा पुसून उभा असायचा. मधल्या मिनिटात त्याला काय काय करून उभं केलं जातं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. कधी जाहिराती लांबल्या तर स्टुडिओतला माणूस रेफरीला हाताने 'थांब' म्हणून खूण करायचा आणि बॉक्सरना थोडी जास्त विश्रांती मिळायची. बाबांच्या लढतीतली पोरं शेवटपर्यंत दमत नाहीत, असं लोक कौतुकाने म्हणायचे. आम्ही घरी हसायचो.

मग चॅनेलने रविवारची वेळ काढून घेतली. तिथे लहान मुलांच्या नाचाची स्पर्धा आली. फोन चॅनेलच्या साहेबांनी केला नाही, त्यांच्या हाताखालच्या मुलीने केला. बाबा "हो, हो, चालेल" म्हणत राहिले, दूधवाल्याला उद्याचं दूध नको म्हणून सांगावं तितक्या सहज. त्यानंतरचे कितीतरी रविवार ते दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचे. कुठे जायचं नसायचं.

अंधेरीला अॅपच्या ऑफिसात ते मला दुभाषी म्हणून घेऊन गेले. समोर माझ्याच वयाचा मुलगा होता. तो इंग्रजीत बोलायचा, मी बाबांना मराठीत सांगायचे. त्याने विचारलं, दोन राउंडच्या मधल्या मिनिटात काय दाखवता? मी सांगितलं, जाहिराती. तो हसला. आमच्याकडे जाहिराती नसतात, म्हणाला, लोक वर्गणी भरतात ती त्याचसाठी. कॅमेरा कॉर्नरवर ठेवा, कोचच्या शर्टाला माईक लावा, लोकांना तेच बघायचं असतं. फक्त शिव्या नकोत, घरची मंडळी एकत्र बघतात. आणि मुख्य लढत शेवटपर्यंत गेली पाहिजे, कारण प्रेक्षक हळूहळू जमतात. पहिला कार्यक्रम बघू, जमलं तर वर्षभराचं ठरवू.

मी सगळं भाषांतर करून सांगितलं. बाबांनी मान डोलावली.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "कॉर्नर दाखवायचा म्हणजे न्हाणीघराचं दार उघडं टाकल्यासारखं आहे."

"मग नाही म्हणून सांगू?"

त्यांनी बाहेर बघितलं. "रविवार अंगावर येतो गं."

बटणाच्या कामासाठी मला शिव्या समजणं भाग होतं. बाबांनी मला चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यावर पाठवलं. तिथे मुलं सराव करतात. कोच मालवणकडचे, बाबांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणते. कॉर्नरमध्ये त्यांचं तोंड सुटतं हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्यासमोर मात्र ते लाजून लालबुंद झाले.

"तुज्यासमोर कसा बोलू गो? तू कॉन्व्हेंटातली."

"मला फक्त ओळखायच्या आहेत, काका."

"मी थांबलंय काय समज, हय शिवी होती."

"तुम्ही थांबत नाही ना पण," मागून आवाज आला. मुख्य लढतीत जो उतरणार होता तो बॉक्सर बॅगेवर ठोसे मारत होता. "मॅडम, इकडे या. मी सांगतो." आणि तो एकेका ठोशाबरोबर एकेक शिवी म्हणू लागला. काका तोंड फिरवून शटरकडे बघत उभे राहिले.

"ही कळली?"

"कळली."

"आता ही. ही मालवणी आहे, स्पेशल. सर फक्त खास लोकांना देतात."

"कळली."

"अर्थ?"

मीही शटरकडे बघू लागले. तो बॅगेला मिठी मारून हसत सुटला. "मॅडम, तुम्ही वाट लावणार आमची. अर्धा कार्यक्रम मुका जाणार!"

तो त्याच वसाहतीच्या मागच्या सेक्टरमध्ये राहायचा. शाळेत असल्यापासून गाळ्यावर यायचा. टीव्हीवर त्याच्या वाट्याला नेहमी सुरुवातीच्या छोट्या लढती आल्या, ज्या वेळ उरला तर दाखवत. मुख्य लढत त्याला पहिल्यांदाच मिळत होती. गावाला सगळ्यांनी अॅप घेतलंय, असं तो येईल त्याला सांगत होता.

त्या रविवारी संध्याकाळी लढत सुरू झाली तेव्हा मला भीती वाटली नाही, आनंदही झाला नाही. मी पडद्यावरच्या आवाजाच्या हिरव्या पट्ट्या वरखाली होताना बघत होते. लढत सहा राउंडची होती. पहिल्या राउंडनंतर काकांनी एकच शिवी दिली, मी बटण दाबलं. दुसऱ्यानंतर त्यांनी तीन दिल्या. बाबा मागून हळूच म्हणाले, "छान."

दुसऱ्या राउंडमध्येच मला दिसलं होतं की आमचा बॉक्सर मान डावीकडे वळवून लढतोय. कोंबडी दाणा बघताना करते तशी. त्याला असं लढताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण बॉक्सिंगमधलं मला फार कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्यानंतर तो स्टुलावर बसला. हेडफोनमध्ये त्याचा श्वास इतका जवळ होता, की मी खुर्ची मागे घेतली.

"सर, डावीकडून काळं आलंय."

"कसला काळा?"

"डाव्या डोळ्यात. त्याचा राईट दिसतच नाही. लागल्यावर कळतो."

पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काका एकदम मऊ आवाजात म्हणाले, "थांबवूया, बाळा?"

"नाय नाय! सर, प्लीज. आता थांबवलं तर परत कोण बोलवणार मला? तुम्ही फक्त ओरडा. त्याचा राईट निघाला की ओरडा, मी खाली जातो."

"गप. माईक आसा."

काकांनी शर्टावरचा माईक मुठीत धरला आणि माझ्याकडे बघून दुसऱ्या हाताने खूण केली. कोणी शिवी दिली नव्हती. तरी मी बटण दाबलं. घरोघरी शांतता गेली. त्या सभागृहात कॉर्नरबाहेर हे ऐकलेली फक्त मी होते.

चौथा राउंड सुरू झाला. समोरच्याचा उजवा हात निघाला की काका ओरडायचे, "आला!" आणि तो खाली वाकायचा. ठोसा डोक्यावरून जायचा. पुन्हा "आला!", पुन्हा तो वाचायचा. लोकांना मजा वाटली. आधी पुढच्या रांगेतल्या दोघांनी काकांची नक्कल केली, मग सगळं सभागृहच सुरू झालं: "आला! आला!" टाळ्यांच्या तालावर. अॅपचा मुलगा मोबाइल वर धरून गर्दी टिपत होता, खूश होता. आता काकांचा आवाज कुठला आणि लोकांचा कुठला ते कळेनासं झालं. आमचा बॉक्सर कारण नसताना वाकत होता, आणि वाकायला हवं तेव्हा उभा होता. मी त्याला तीन वेळा उजवा हात लागताना पाहिला. तिन्ही वेळा त्याने डोळासुद्धा मिटला नाही.

मी बाबांची बाही ओढली.

"त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाहीये."

"कोण म्हणालं?"

"तोच. काकांना."

बाबा रिंगकडे बघत राहिले. "थांबवा म्हणाला का?"

"नाही."

"मग?"

"बाबा..."

"दोन राउंड राहतायत. लोक आत्ता कुठे जमलेत. नंतर बघू."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते खोटं बोलत नव्हते, खरंच नंतर बघणार होते. मला ते माहीत होतं, आणि मला काही वाटत नव्हतं, दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यावर गालाला वाटत नाही तसं.

घंटा झाली. तो स्टुलापर्यंत आला आणि बसताना स्टूल त्याने हाताने चाचपलं. माझा फोन उजळला. आईचा मेसेज होता. जाहिराती नसल्यामुळे ती आमटी ढवळायला उठली नव्हती. 'तो मान वाकडी का करतोय? बाबांना सांग.'

मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"तुझ्या आईला काय कळतं बॉक्सिंगमधलं," ते म्हणाले. पण चष्मा परत खाली घ्यायचं विसरले.

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्याच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. त्या डोळ्याने त्याला आता उजेड दिसतो, माणसांच्या कडा दिसतात. दुसरा डोळा नीट आहे. चारकोपच्या गाळ्यावर तो लहान मुलांना शिकवतो. बरेच महिने तो माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, अजून मॅडमच म्हणतो. काकांनी कॉर्नरमध्ये उभं राहणं सोडलं. बाबांना वर्षभराचे कार्यक्रम मिळाले. लढत अर्ध्यात थांबतानाचा तुकडा अॅपवर त्या कार्यक्रमातला सगळ्यात जास्त पाहिला गेला, म्हणून मिळाले. त्यात कॉर्नर दिसतो आणि माझा आवाज येतो, मी दिसत नाही. त्या संध्याकाळबद्दल बाबा आणि मी अजून बोललेलो नाही. रविवारी आम्ही एकाच टॅक्सीने जातो.

चौथ्या राउंडनंतरच्या त्या मिनिटात रिंगच्या कडेला, आमच्या शेजारच्या टेबलाशी डॉक्टर बसले होते. कांदिवलीचे आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी हात वर केला की रेफरीला लढत थांबवावी लागते, बाकी कोणाचं काही चालत नाही. ते शेंगदाणे खात होते.

"डॉक्टर," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. स्पीकरवर गाणं लागलं होतं आणि लोक अजून "आला, आला" करत होते. शाळेत बाई म्हणायच्या, मोठ्याने बोल. मुलाखतीत म्हणायचे, जरा मोठ्याने. घरी पाहुणे म्हणायचे, हिचा आवाजच नाही. मी कधी चढवला नव्हता, कितपत चढतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

हेडफोनमध्ये काका म्हणत होते, "ऊठ आता. ऊठ, माज्या राजा." कॉर्नरमधली माणसं स्टूल उचलायला वाकली होती.

मी हेडफोन काढले. बटणावरचं बोट उचललं आणि उभी राहिले. खुर्ची मागे पडली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला अडवलं नाही.

"डॉक्टर! त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही. त्याला उठू देऊ नका."