काचेच्या कपाटावरचा हात

गावाशेजारी जमिनीखालचा गॅस काढण्यासाठी खोदकाम सुरू झाले आणि आमच्या शेजारच्या काका-काकूंच्या घराला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. हे घर विकल्याशिवाय नागपूरला मुलीजवळ दोन खोल्या घेणे त्यांना शक्य नव्हते.

परवा एक शिक्षक घर पाहायला आले. मीही तिथे होतो. चहा झाला. काकू मुलीचे कौतुक सांगत होत्या. तेवढ्यात बाहेर खोदकामावरचा भोंगा वाजला. बोलणे न थांबवता काकूंनी शेजारच्या काचेच्या कपाटाला हात लावला आणि ते दाबून धरले. मग यंत्र सुरू झाले आणि खिडकीचे तावदान थरथरू लागले. शिक्षकांचे लक्ष मात्र त्या हाताकडे होते.

"असं रोजच धरता काय?"

"रोजच जी. नाही धरलं तर कपबशा एकमेकींवर आपटतात."

काका जमिनीकडे पाहू लागले.

घराचा भाव ठरवताना लोक खोल्या पाहतात, भिंतीवर थाप मारतात, पाण्याची चौकशी करतात. तिथे राहणाऱ्याला कशाची सवय झाली आहे, हे कोणी विचारत नाही. त्रास लपवायचा तर तो आधी आठवावा लागतो. काकूंना तो आठवतच नव्हता. तो आता त्यांच्या हाताचे रोजचे काम झाला होता.

शिक्षक "कळवतो" म्हणून गेले. त्यांचा सूर पुरेसा स्पष्ट होता.

"आजच्या दिवस आपटू द्यायच्या होत्या त्या कपबशा," काका म्हणाले.

"फुटल्या असत्या ना," काकू म्हणाल्या. "पोरीकडे न्यायच्या आहेत."