पांगाऱ्याचे पोपट

राहू गावच्या फकीरमामांचा उभा जन्म सुतारकामात गेला. आता दर रविवारी ते शिरूरजवळच्या निसर्ग संग्रहालयात येतात आणि आईबाप-लेकरांना पांगाऱ्याच्या मऊ लाकडातून पक्षी कोरायला शिकवतात. कुणी पटाशी वेडीवाकडी धरली की खेकसतात. पण कोरलेला पोपट स्वतःच्या घरी कधी नेत नाहीत.

त्या रविवारी संग्रहालयाच्या बाईंनी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, "मामा झाड तोडण्याआधी कुऱ्हाडीचा दांडा खोडावर तीनदा वाजवतात. पाखरं उडून गेली की मगच घाव घालतात. वडिलांपासूनची रीत आहे त्यांची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांना त्या मुस्काटात बसल्यागत लागल्या.

खुटबावहून आलेल्या आठ वर्षांच्या अपेक्षानं मात्र टाळी वाजवली नाही. हातातल्या अर्धवट पोपटाकडं बघत तिनं विचारलं, "मामा, आन् ज्यांना अजून उडता येत न्हाई, ती काय करत्यात?"

"गप काम कर," असं मामांच्या अगदी ओठावर आलं होतं. गेली पन्नास वर्षं त्यांनी स्वतःलाही असंच दटावलं होतं. तरणेपणी एका पांगाऱ्यावर त्यांनी रीतीप्रमाणं तीनदा वाजवलं, पोपटाची मादी उडाली, आणि झाड आडवं झाल्यावर ढोलीतून बारीक आवाज आला. थोडाच वेळ.

मामांनी पटाशी खाली ठेवली.

"चार होती, पोरी," ते म्हणाले. "मी वाजवल्यालं त्यांनीबी ऐकलं आसंल."