आहेर खिडकीत द्यावा

मेथीची जुडी निम्मी निवडून झाली होती. पानं परातीत, देठ वर्तमानपत्रावर, अन् वच्छलाबाईंची बोटं मुळांच्या मातीनं भरलेली. तेवढ्यात फोन वाजला. पिशोरचा सांडू, पाठचा भाऊ.

"आक्का, पास कवा देतीस?" त्यानं रामराम नाही की खुशाली नाही, थेट विचारलं. "शुक्रवारला दोन जीपा सांगून ठिवल्यात. सोसायटीवाल्यांचे धर, हेडमास्तरांना बी शब्द दिलाय म्या. माझ्या भाच्याचा शिनिमा हाय, म्हणलं, कुणी मागं राहायचं नाय."

"भाजी करपायली रे, मागून बोलते," म्हणून वच्छलाबाईंनी फोन ठेवला. गॅस तर अजून पेटवलाच नव्हता. त्यांनी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाकडं बघून दोन्ही कान धरले अन् तशाच बसून राहिल्या. मेथी पुढं सरकेना.

कारण सकाळीच त्यांच्या लेकानं, शिवशंकरनं, त्यांच्यासमोर हात जोडले होते. "माय, ह्या वेळी पास नाही. कुणालाच नाही. मामालाही नाही." तिशी-पस्तिशीचा बाप्या माणूस, दोन सिनेमे काढलेला, आईला हात जोडतो म्हटल्यावर त्यांना गलबलून आलं होतं. त्यांनी शब्द दिला होता.

शब्द द्यायलाही कारण होतं. शिवशंकरचा पहिला सिनेमा लागला, तेव्हा सगळे पास वच्छलाबाईंनीच वाटले होते. पिशोर म्हणू नका, फुलंब्री म्हणू नका, जिथं जिथं नातं तिथं तिथं पास. टॉकीज खच्चून भरलं. शिट्ट्या झाल्या, लेकाला हार घातले, मध्यंतरात त्यांनी घरून नेलेली बुंदी वाटली. त्या रात्री त्या समाधानानं झोपल्या. सप्त्यात जेवढी पंगत मोठी तेवढं पुण्य मोठं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. सिनेमाचंही तसंच असणार, असं त्यांनी धरलं. अन् सोमवारी पोस्टर उतरलं. टॉकीज माणसांनी भरलेलं, पण गल्ल्यात फुटका मणी नाही! ज्यांनी तिकीट काढून यायचं, तेच सगळे फुकट बघून गेले होते. आता पुन्हा कोण येतंय?

दुसऱ्या सिनेमाला तर मॉलमधला सकाळी नऊचा शो मिळाला. नऊ वाजता इथं माणूस दूध आणतो, लेकराला शाळेत सोडतो, सिनेमाला कोण जातो? तोही पडला. मग शिवशंकर लग्नाच्या शूटिंगा करू लागला. दुसऱ्याच्या नवरदेवाला 'जरा हसा ना राव' म्हणताना त्याचा चेहरा कसा होत असेल, हे आईला न बघता कळायचं.

आता हा तिसरा. 'घोंगडीची घडी' नाव. त्यांच्याच माणसांची गोष्ट, मेंढरांमागं हिंडणाऱ्यांची. ह्या वेळी एका जुन्या टॉकीजला रोज दुपारी तीनचा शो मिळाला होता. तीनचा म्हणजे बायामाणसांना सोयीचा. सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गेला, तर पुढच्या सिनेमाला एक निर्माता तयार होता. नाही गेला, तर दिग्दर्शन बंद, अन् वाळूजच्या एका कंपनीत नोकरी. शिवशंकरनं तसं बायकोला, दीपमालाला, स्वतःहून सांगून टाकलं होतं. दीपमाला शिकवण्या घेऊन घर ओढायची, पण कधी कुरकुरली नाही. वच्छलाबाईंना तेच जास्त लागायचं.

"काय म्हणला मेव्हणा?" बाहेरच्या खोलीतून त्यांच्या नवऱ्यानं, सोनाजींनी, विचारलं. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. आता गुडघे धरल्यामुळं शहरात, पुंडलिकनगरातल्या घरी, खुर्चीत बसायचा.

"पास मागायला. काय सांगू त्याला? पुतणीच्या पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून दोन वरीस बोलला नव्हता त्यो. आता मामा असून तिकीट काढ म्हणलं, तर माझं माहेर तुटंल."

सोनाजींनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "रानात खतासाठी मेंढरं बसवायची म्हणलं की कुणबी आपल्याला ज्वारी द्यायचा का नाय? दोन पायल्या, चार पायल्या. अन् ज्याच्या रानात भिडेखातर फुकट बसवली, त्यो सकाळी काय म्हणायचा?"

"काय?"

"लेंड्या कमी पडल्या म्हणायचा."

वच्छलाबाईंना हसू फुटलं. पण हसून सुटणारा पेच नव्हता. भावाला हे कसं सांगायचं?

वाट दाखवली ती शेजारच्या सरितानं, तीही नकळत. संध्याकाळी ती मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन आली. वच्छलाबाईंच्या हातावर अक्षता ठेवल्या, हळदीकुंकू लावलं, पत्रिका दिली. ती गेल्यावर दीपमालानं पत्रिका वाचून दाखवली. अगदी तळाशी छापलं होतं, कृपया आहेर आणू नये.

"असं का गं छापतेत?"

"हल्ली छापतात, आई. तरी लोक आणतातच."

वच्छलाबाई तळहातावरच्या अक्षतांकडं बघत राहिल्या. "लग्नाला कुणी रिकाम्या हातानं जात नाय," त्या हळूच म्हणाल्या. "पासानं बी जात नाय."

"म्हणजे?"

"तांदळाचा डबा दे इकडं. अन् कुंकू."

दुसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून, कपाळाला भंडारा लावून, वच्छलाबाई एसटीनं पिशोरला निघाल्या. पिशवीत कुंकवानं लाल केलेल्या अक्षता. फुलंब्री मागं पडली तरी पहिल्या दारात काय बोलायचं ते जुळत नव्हतं. पण दारोदार जाणं त्यांना नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून वर्षातले आठ महिने बिऱ्हाड घोड्यावर टाकून त्या गावोगाव हिंडल्या. आज ह्या शिवारात, उद्या त्या. नव्या गावात गेलं की पहिल्यांदा बायांशी बोलायचं. पाणी कुठं, दळण कुठं, कुणाच्या घरी लेकरू आजारी, असं विचारत विचारत ओळख करायची. संध्याकाळपर्यंत गावातली निम्मी दारं त्यांच्यासाठी उघडी असायची. इथं तर दारंही माहेरची.

"शुक्रवारी लगीन हाय," त्या प्रत्येक उंबऱ्यावर म्हणाल्या अन् हातावर अक्षता ठेवल्या.

"अगं बया, कुणाचं?"

"शिवशंकरच्या शिनिमाचं. तीनचा मुहूर्त. टॉकिजवर यायचं."

"अन् जेवण?" एकीनं डोळा मिचकावला.

"जेवण शिनिमाचं. पोट भरंस्तोवर. पण आहेर आणायचा बरं का. माझ्या हातात द्यायचा नाय, तिथं खिडकी हाय, तिच्यात द्यायचा. तिकिटाएवढाच. जास्ती दिला तर परत करतेत."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मागच्या टायमाला फुकट बुंदी खाल्ली, वच्छे, ह्या टायमाला तूच खिशात हात घालायलीस!" पण अक्षता तिनं पदराच्या गाठीला बांधल्या. अक्षता कुणी टाकून देत नाही.

सांडूचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तोवर बातमी तिथं पोचलीच होती. सांडू ओट्यावर पाठमोरा बसला होता.

"मामाला तिकीट काढायला लावणारी भैन पैल्यांदा बघायलो," तो भिंतीशी बोलला.

"बघ की. नीट वळून बघ."

"हेडमास्तरांना काय तोंड दाखवू मी?"

"सांडू," वच्छलाबाई त्याच्या बाजूला टेकल्या. "लग्नात मामाच्या आधी कुणाचा मान असतो व्हय? पैलं तिकीट तुझं. तू काढस्तोवर दुसरं कुणी काढणार नाय. समद्या गावाला तसंच सांगून आलेय मी."

सांडू वळला नाही. अक्षतांसाठी हातही पुढं केला नाही. त्याची बायको मुक्ताबाई चौकटीत उभी होती. तिनंच शेवटी पदर पसरला. "माझ्यात टाका, वन्सं. ह्यांच्या वाटच्या बी टाका."

परतीच्या एसटीत वच्छलाबाईंनी खंडोबाला एवढंच म्हटलं, देवा, लेकाचं होऊ दे, अन् भाऊही राहू दे. दोन्ही मागणं जास्त होतंय का, ते तुझं तू बघ.

शुक्रवार उजाडला. अडीच वाजता वच्छलाबाई अन् दीपमाला टॉकीजच्या फाटकाशी उभ्या होत्या. शिवशंकर आतच येईना. समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून उभा. कॉलेजची काही पोरं आली, तिकिटं काढून आत गेली. मग दोन जीपा आल्या. पाठोपाठ एक टेंपो. पिशोर उतरलं! नऊवारी, पातळं, धुतलेल्या टोप्या, हेडमास्तरसुद्धा. वच्छलाबाईंनी पटकन डोळे टिपले.

पण माणसं खिडकीशी गेली अन् थांबली. रांग लागली, पुढं कुणी सरकेना.

"काय झालं?" दीपमालानं विचारलं.

"सांडूभाऊ कुठंयत?" रांगेतली पहिली बाई म्हणाली. "पैलं तिकीट मामाचं. वच्छाआक्कानंच सांगितलं."

वच्छलाबाईंनी मुक्ताबाईला गाठलं. "कुठंय गं सांडू?"

"काय की, वन्सं. सकाळीच गाडी घेऊन निघाले. मला म्हणले, तुमी व्हा म्होरं. फोन बी उचलंनात."

पावणेतीन झाले. टॉकीजचे मॅनेजर बद्रीनाथ खिडकीतून डोकावले. "मावशी, मी आहेर घ्यायला बसलोय, अन् देणारं कुणी नाही. शो वेळेवर सुरू करावा लागतो मला."

"तुमीच काढा आता," वच्छलाबाई रांगेला म्हणाल्या. "मी सांगते ना!"

"तसं कसं?" हेडमास्तर म्हणाले. "अक्षता घेऊन शब्द दिलाय आम्ही. मामाचा मान मोडून आत बसलो, तर उद्या गावात त्याला कोणतं तोंड दाखवणार?"

आपणच बांधलेली गाठ आपल्यालाच सुटेना. आवतण मानलं म्हणून माणसं आली, अन् आवतण मानलं म्हणूनच तिकीट काढीनात. वच्छलाबाईंनी डोळे मिटले. नाव घेतलं ते मल्हारीचंच.

तीनला पाच कमी असताना रांगेच्या शेवटी गलका झाला. मोटारसायकल आली. वर सांडू, डोक्याला भला मोठा गुलाबी फेटा, पिवळाधमक सदरा, हँडलला नारळाची पिशवी.

"काय रे, ही वेळ हाय?" वच्छलाबाईंचा आवाज फाटला.

"मामा काय दिवसभर मांडवात उभा राहत असतो व्हय?" सांडू गाडी लावत म्हणाला. "फुलंब्रीला फेटा बांधाया थांबलो. बांधणाऱ्यानं अर्धा तास लावला. मामा म्हणून जायाचं तर उघड्या टकुऱ्यानं जाऊ का?"

"अन् फोन?"

"टकुऱ्यावर फेटा बांधायला लागलं की कानाशी फोन कसा धरायचा, आक्का? तूच सांग."

रांगेत हशा पिकला. सांडूनं पायरीवर नारळ फोडला, खिडकीत हात घातला अन् घसा खाकरून म्हणाला, "मॅनेजरसाहेब, मामाचं पैलं तिकीट. अन् ही माझी भैन, हिचं बी काढा. वरमायनं काय आपलं आपण काढायचं?"

त्यानंतर खिडकीला उसंत मिळाली नाही. शो दहा मिनिटं उशिरा सुरू झाला, पण बद्रीनाथांनी काही म्हटलं नाही. दिवे मालवले, पडद्यावर मेंढरांचा कळप आला, तशी मागून एक म्हातारी ओरडली, "ती डावीकडची लंगडायली बघा!" वच्छलाबाईंनी अंधारात भावाचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही.

एवढ्यावर सिनेमा तरला, असं नाही. एका गावानं सिनेमा तरत नसतो. पण पिशोरची माणसं परत गेली ती बोलत गेली. फुकट बघितलेल्या गोष्टीला लोक नावं ठेवतात. तिकीट काढून बघितली, की ती किती चांगली होती हे दुसऱ्याला पटवून देतात. शनिवारी फुलंब्रीहून माणसं आली, रविवारी कन्नडकडची. कुणी मुक्ताबाईंची बहीण, कुणी हेडमास्तरांचा साडू, कुणी असंच. रविवारी शिवशंकर पहिल्यांदा टपरी सोडून फाटकाशी येऊन उभा राहिला.

सोमवारी सकाळी बद्रीनाथांचा फोन आला. शिवशंकरनं ऐकलं, "हो, हो" म्हणाला, फोन ठेवला अन् भिंतीला टेकून खाली बसला.

"काय?" दीपमालानं विचारलं.

"दुसरा आठवडा. तीनचा पण, अन् सहाचा पण."

वच्छलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या देव्हाऱ्यापुढं जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. दीपमाला रडली, मग हसली, मग चहा टाकायला गेली अन् साखरेऐवजी मीठ टाकून परत आली. सोनाजी तो चहा तसाच प्यायले. किती वर्षांनी घरात छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. शिवशंकर जमिनीवरच आडवा झाला अन् भरदिवसा घोरायला लागला. त्याच्या अंगावर वच्छलाबाईंनी चादर टाकली.

मग सांडूचा फोन आला. त्याला बातमी आधीच कळली होती.

"आक्का, लगीन लागलं म्हण की!"

"लागलं रे बाबा, तुझ्यामुळं."

"तोंडी नको सांगू. मामाचा पोशाख कुठंय?"

"देते ना, देते. जरा दम धर."

फोन ठेवून त्यांनी पायांत चपला सरकवल्या, पिशवी घेतली अन् दीपमालाला सांगितलं, "मी गुलमंडीवर जाऊन येते. सांडूला धोतरजोडी घ्यायचीय."