राखसरांचा तक्ता

राखसरांच्या तक्त्यातली चूक मला आठ दिवस आधीच दिसली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो, एकाच खोलीत बसायचो. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, विषय कोळसा. कुणी नवी स्कूटर दाखवो की जावयाचं कौतुक करो, त्यांचा प्रश्न ठरलेला, "ते झालं, पण राख किती?" म्हणून पोरांनी नाव ठेवलं राखसर. मला पोरांनी साधं टोपणनावही दिलं नव्हतं.

कोळशापासून हायड्रोजन काढणं परवडेल का, हा त्यांचा ध्यास. पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर परातीत कोळसा वाळत घालायचे आणि तासातासाने तोलायचे. वहिनी कावायच्या, "अहो, मी पापड कुठे घालू?"

"कोळसा स्वस्त म्हणून हायड्रोजन स्वस्त, असं लोकांना वाटतं," ते म्हणत. "अरे, कोळशाचा वायू करायला ऑक्सिजनचा वेगळा कारखाना घालायचा, गंधक काढायचं, राख उपसायची. महाग पडतं ते हे!" पोरं दारात उभी राहून हे वहीत उतरवून घेत. माझ्या तासाला तीच पोरं घड्याळ बघत.

चर्चासत्रासाठी त्यांनी खर्चाचा तक्ता केला आणि तपासायला माझ्याकडेच दिला. "तुझी नजर बारीक आहे, बघ रे जरा."

नजर बारीक होतीच. वजन गच्चीवर वाळवलेल्या कोळशाचं आणि भाव वॅगनमधल्या ओल्या कोळशाचा! कोळशाबरोबर विकत घेतलेलं पाणी हिशेबात आलंच नव्हतं. मी म्हणालो, "झकास आहे, सर."

चर्चासत्रात एका कारखान्याच्या इंजिनिअरने नेमकं तेच विचारलं, "सर, वॅगनमधलं पाणी तुम्हाला फुकट मिळतं का?" सभागृह हसलं. राखसर तक्त्याकडे बघत राहिले. "चूक माझी आहे," म्हणाले आणि खाली उतरले. शोधनिबंधही मागे घेतला.

मी पहिल्या रांगेत होतो. पाणी धरलं तर कोळसा महाग होतो, मग हायड्रोजन आणखीच महाग. सरांचं म्हणणं उलट पक्कं होत होतं. उठून एवढंच सांगायचं होतं. मी बसून राहिलो. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

रिक्षात बसताना तेच मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याही नजरेतून सुटलं, होतं असं."

त्यानंतर त्या गच्चीवर फक्त पापड वाळले. निवृत्तीनंतर सर कळवणला गेले, तिथेच वारले. मी भेटायला गेलो नाही.

भर सभेत म्हणायचं एक वाक्य मी त्यांचं अजून देणं लागतो: सर, तुमचं उत्तर बरोबर होतं.