विमानाच्या मागची पांढरी रेघ

मैत्रिणींनो, आज सकाळपासून डोकं फिरलंय.

घाटकोपरला आमच्या गच्चीवर पापड घालत होते. पार उंचावरून विमान गेलं, मागे पांढरी रेघ. म्हटलं, "काय झकास दिसतं गं!"

कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "झकास काय आई? विमानाच्या धुरातला वायू वरच्या हवेत मिसळतो, तिथला ओझोन बिघडवतो. इथला धूर पावसात धुऊन तरी जातो. तिथला लवकर जात नाही."

"गप बस! तुझी फी विमानावरच चाललीय." मोठा मुलगा विमानतळावर बॅगा चढवतो ना.

पण तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. लॉकडाऊनमध्ये विमानं बंद होती तेव्हा आभाळ निळंशार होतं आणि पोरगा घरी बसून होता.

आता विमान दिसलं तरी धडकी भरते, नाही दिसलं तरी. तुम्ही सांगा, मी कशाची काळजी करू?