सासूबाई खुडूक बसल्या तेव्हा

माझ्या सासूबाईंचं माहेर म्हणजे एक कोंबडी होती. हे मी थट्टेने म्हणत नाही. मालवणकडे त्यांच्या माहेरी कोणीच उरलं नव्हतं, आणि त्यांच्या आईने पाळलेली, उघड्या, बिनपिसांच्या मानेच्या कोंबड्यांची जातही गावात रोगाने संपली होती. त्याआधी एसटीने डालग्यातून आणलेली एक तेवढी आमच्या वाकोल्याच्या बैठ्या चाळीत वाचली. तिची घाण मला काढावी लागायची, त्यामुळे आमचं दोघींचं फारसं पटत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत ती खुडूक झाली, अंड्यांवरून उठेचना. शेजारच्या कोंबड्याची कृपा होतीच. थंडी अशी, की ट्रंकेतले स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाहेर आलेले. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले असताना ती दाणे टिपायला बाहेर गेली आणि कुत्र्याने तिला धरलं. आम्ही बाजारातून आलो तर दारात पिसं, आणि अंडी गारठलेली.

"आये, फेक ना ती. वाट लागली त्यांची," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला पाणी कोमट करायला लावलं आणि घमेल्यात एकेक अंडं अलगद सोडलं.

"गप रव गो. पाण्याक हात लाव नको."

पाणी स्थिर झालं. आणि तरंगणारं एक अंडं आपोआप डुललं. मग आणखी एक. आत कोणी कूस बदलावी तसं.

"जिती आसत," त्या म्हणाल्या आणि रडल्या.

हलली तेवढी अंडी पुसून त्यांनी लुगड्यात पोटाशी बांधली, गोधडी ओढली आणि स्वतःच खुडूक बसल्या. जेवणसुद्धा बसल्या जागी. चाळभर हसू झालं, मीही हसले. मोरीत जायची वेळ आली की मात्र अंडी माझ्या पोटाशी यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अशीच बसले होते, भांडी पडलीत म्हणून चिडलेली. तेवढ्यात पोटाशी बारीकसा आवाज झाला. अंड्याला साधा तडाही नव्हता, आवाज आतून येत होता. जन्माला यायच्या आधीच जीव हाक मारतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भांडीबिंडी सगळं विसरले.

"आई, लवकर या! हे बोलतंय!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकच अंडं फुटलं, बाकीची तशीच राहिली. ओलं, केविलवाणं पिल्लू, आणि मान अगदी उघडी. सासूबाईंनी मला भाकरी आणायला सांगितली. मला वाटलं, चला, भूक तरी लागली. त्यांनी तुकडा मोडला, पिल्लावरून ओवाळला आणि दाराबाहेर टाकला.

"माझ्या म्हायेरासून कोणतरी इला गो," त्या म्हणाल्या.